यंत्राची परीक्षा आणि रुग्णाचे हित

‘रोगनिदानात संगणक डॉक्टरांच्या पुढे’ अशा आशयाच्या बातम्या अलीकडे वारंवार वाचायला मिळतात. त्यांमागचे संशोधन बहुधा प्रामाणिक असते. पण यंत्राला रोग ओळखता येतो, एवढ्यावरून रुग्णाचे भले होते असे म्हणता येईल का? हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि वैद्यकातील कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीच्या बऱ्याच लेखनात त्यांची गल्लत होते, असे आम्हांला वाटते.

मधुमेहामुळे डोळ्याच्या दृष्टिपटलाला इजा होऊ शकते. ती वेळीच लक्षात आली तर अंधत्व बऱ्याच अंशी टाळता येते. २०१६ साली गूगलच्या संशोधकांनी या विषयावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेतील आणि भारतातील रुग्णांच्या दृष्टिपटलाची सुमारे १ लाख २८ हजार छायाचित्रे, तज्ज्ञांच्या निदानासह, संगणकाला पुरवून त्यांनी त्याला हा विकार ओळखायला शिकवले होते. मग नव्या छायाचित्रांवर त्याची परीक्षा घेतली. एका संचातील विकारग्रस्त छायाचित्रांपैकी ९७.५ टक्के त्याने ओळखली; विकार नसलेल्यांपैकी ९३.४ टक्के छायाचित्रांबाबत ‘विकार नाही’ असे बरोबर सांगितले.

हे यश मोठेच आहे. तरी हेच आकडे घेऊन फळ्यावर एक गणित मांडून पाहू. समजा, १००० मधुमेही तपासले आणि त्यांतील ५० जणांना हा विकार आहे. यंत्र त्यांपैकी सुमारे ४९ जणांना ओळखील. मात्र विकार नसलेल्या ९५० जणांपैकी ६.६ टक्के, म्हणजे सुमारे ६३ जणांनाही ते विकारग्रस्त ठरवील. तज्ज्ञाकडे पाठवलेल्या ११२ जणांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना विकार नसेलच! हा यंत्राचा दोष नव्हे. रोग विरळ असला की कोणत्याही तपासणीत असे घडते. पण या ११२ जणांना तपासणारा तज्ज्ञ हाताशी आहे का, हा प्रश्न उरतोच.

त्याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही. २०१८-१९ मध्ये ही पद्धत थायलंडमधील ११ दवाखान्यांत वापरून पाहिली गेली. पहिल्या सहा महिन्यांत परिचारिकांनी घेतलेल्या १८३८ छायाचित्रांपैकी २१ टक्के छायाचित्रे पुरेशी स्पष्ट नाहीत म्हणून यंत्राने नाकारली. काही ठिकाणी अंधारी खोली नव्हती, काही ठिकाणी इंटरनेट रखडत होते. छायाचित्र नाकारले गेले की रुग्णाने आणखी एक दिवस मोडून दूरच्या रुग्णालयात जायचे! यंत्र तेच होते, परिस्थिती बदलली होती.

म्हणून एकट्या यंत्राची परीक्षा पुरत नाही. यंत्र, डॉक्टर आणि दवाखाना यांच्या सबंध व्यवस्थेची परीक्षा घ्यावी लागते. स्वीडनमधील एक चाचणी या दृष्टीने उल्लेखनीय आहे. स्तनकर्करोगाच्या तपासणीसाठी आलेल्या ८० हजारांहून अधिक स्त्रियांचे यदृच्छया दोन गट केले गेले. एका गटाची क्ष-किरण चित्रे नेहमीप्रमाणे दोन-दोन तज्ज्ञांनी पाहिली. दुसऱ्या गटात संगणकाने धोका कमी ठरवलेली चित्रे एकाच तज्ज्ञाने, तर जास्त धोक्याची दोघांनी पाहिली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंतरिम निष्कर्षांनुसार पहिल्या गटात २०३, तर दुसऱ्यात २४४ स्त्रियांत कर्करोग आढळला. चित्रे वाचण्याचे काम सुमारे ४४ टक्क्यांनी घटले आणि खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण वाढले नाही. अर्थात, अधिक कर्करोग सापडले म्हणजे तितके अधिक जीव वाचले, असे नव्हे. काही गाठी इतक्या सावकाश वाढतात की त्यांचा कधी त्रासच होत नाही. हे जाणूनच संशोधकांनी दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उद्भवणारे कर्करोग हा मुख्य निकष ठरवला होता. चाचणीची मांडणी असावी ती अशी.

हीच कसोटी प्रतिकूल बातमीलाही लावावी. पोलंडमधील चार केंद्रांत मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीतून होणाऱ्या तपासणीत संगणकाची मदत सुरू झाली. त्यानंतर त्या मदतीविना केलेल्या तपासण्यांत कर्करोगपूर्व गाठी सापडण्याचे प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर आले, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘डॉक्टरांचे कौशल्य गंजले’ असा अर्थ लगेच लावला गेला. शक्यता गंभीर आहे. पण ही तुलना ‘आधी’ आणि ‘नंतर’ची होती, यदृच्छया पाडलेल्या गटांची नव्हे. त्यामुळे इतर कारणे नाकारता येत नाहीत.

अशी बातमी वर्गात आली तर विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला सांगावेत. तुलना कशाची कशाशी केली? गट कसे पाडले? आणि शेवटी मोजले काय, यंत्राचे गुण की रुग्णाचे आरोग्य? नियंत्रित प्रयोग हा धडा मुलांना समजला की नाही, याची याहून चांगली परीक्षा नाही.