कमी धावलेली म्हणजे तरुण?

जुनी मोटार घेताना आपण आधी किलोमीटरचा आकडा पाहतो. टेस्लाच्या ‘मॉडेल एस’सारखी महागडी विजेची गाडी वापरलेली घेतानाही अनेक गिऱ्हाइके हाच निकष लावतात. इंजिनाला तो बऱ्यापैकी लागू पडतो; लिथियम-आयन बॅटरीला मात्र तो अपुरा आहे.

ही बॅटरी वापराने झिजते, तशी नुसती उभी राहूनही झिजते. ग्रॅफाइटच्या ऋणाग्रावर एक पातळ थर सावकाश वाढतो आणि त्यात लिथियम अडकून पडते. उष्णतेत, तसेच बॅटरी सतत पूर्ण भरून ठेवल्यास, झीज वेगाने होते. अमेरिकेतील ॲरिझोनात २०१२ साली निसान लीफ गाड्यांची क्षमता लवकर घटल्याच्या तक्रारी आल्या. त्या गाड्यांत बॅटरी द्रवाने थंड करण्याची सोय नव्हती; मॉडेल एसमध्ये ती आहे.

२०२० मध्ये टेस्लाने या गाडीसाठी ८ वर्षे किंवा २,४०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोवर ७० टक्के क्षमतेची हमी दिली. पण मुदत मोजली जाते ती पहिल्या मालकापासून. सात वर्षांची गाडी घेणाऱ्याच्या वाट्याला जेमतेम एक वर्ष उरते.

मग पाहावे काय? थेट क्षमताच. समजा, बॅटरी ८० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर येताना ४२ युनिट वीज खर्च झाली, तर पूर्ण क्षमता ७० युनिट. ती नव्या गाडीच्या वापरण्याजोग्या क्षमतेशी ताडावी. शेकडेवारी शिकवताना हे उदाहरण मुलांना जरूर सोडवायला द्यावे.