जन्माचा दाखला

'पोकेमॉन' हा १९९६ साली जपानात निघालेला खेळ. गवतात हिंडावे, प्राणी धरावा, वाढवावा. हल्लीच्या आवृत्त्यांत त्याच्या सहा गुणांना ० ते ३१ असे जन्मजात अंक असतात. सहाही ३१ मिळायला नशीब लागते! म्हणून काहीजण खेळाची जतन केलेली नोंदच बदलून हवा तो प्राणी घडवतात. २०२३ साली योकोहामाच्या जागतिक स्पर्धेत यावरून काही खेळाडू बाद झाले. पण तपासणी पाहते ती एवढेच, की असा प्राणी संभवतो का? तो तुमच्या हाती वाढला का, हे तिला कळत नाही. मास्तर म्हणून मला ही लबाडीच वाटते. उतरवलेले गणित मी खोडतोच. कादंबरीकार म्हणून मात्र ओशाळतो. माझी सारी पात्रे अशीच, केवळ संभवनीय! धाकट्याने आपला पहिला, दुबळा प्राणी अजून सोडलेला नाही.