जुने घुमट आणि नवे कातडे

जुने वाद्य जपावे, हे कोण नाकारील? तथापि जपणे म्हणजे नेमके काय, याचा विचार गोव्यातील घुमटाच्या बाबतीत निकडीचा झाला आहे. जुनी घुमटे मिळवून दिवाणखान्यात मांडणाऱ्या काही रसिकांची एक कसोटी असते: तोंडावर घोरपडीचे कातडे असेल तर घुमट खरे, बकऱ्याचे असेल तर नकली. ही कसोटी आम्हांस कलेच्या आणि कायद्याच्या अशा दोन्ही दृष्टींनी सदोष वाटते.

प्रथम वाद्याची घडण पाहू. घुमट म्हणजे दोन तोंडांचे मातीचे भांडे. रुंद तोंडावर कातडे ताणून बसवितात. दुसरे अरुंद तोंड उघडे असते. वादक एका हाताने कातड्यावर आघात करतो आणि दुसऱ्या तळव्याने उघडे तोंड कमीअधिक झाकतो. आतील हवा कोंडते, सुटते आणि त्याबरोबर नाद पालटतो. तेव्हा घुमटाच्या नादात कातड्याइतकाच मातीच्या पोटाचा आणि वादकाच्या तळव्याचा वाटा आहे. चवथीची आरती, शिगम्यातील सुवारी आणि ख्रिस्ती समाजाचा मांडो ही सर्व याच हातांवर उभी आहेत.

आता कायदा. घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिची शिकार व तिच्या कातड्याच्या वस्तूंचा व्यापार हे गुन्हे आहेत. ‘घुमट आजोबांच्या वेळचे आहे’ एवढे म्हटल्याने बाळगणाराची सुटका होत नाही. त्यास रीतसर नोंद व मालकीचा दाखला लागतो. शिवाय कातड्यावर तारीख लिहिलेली नसते. काल मारलेल्या घोरपडीचे कातडे जुन्या भांड्यावर चढविले, तर गिऱ्हाइकाने ते ओळखावे कसे? जुनेपणासाठी जादा दाम मोजणारा संग्राहक नकळत नव्या शिकारीस उत्तेजन देतो.

बकऱ्याच्या कातड्याचा नाद पूर्वीसारखा नाही, ही जुन्या वादकांची तक्रार आम्ही खोटी मानीत नाही. परंतु चर्मवाद्याचे कातडे कधी तरी बदलावेच लागते. पुडी बदलली म्हणून देवळातील पखवाज नकली ठरत नाही. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसा-वाद्याचा दर्जा दिला. हे वाद्य आज उजळ माथ्याने वाजविता येते, ते बकऱ्याच्या कातड्यामुळेच.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे की, त्यांनी आपली हौस थोडी वळवावी. वयोवृद्ध वादकांचे ठेके ध्वनिमुद्रित करून ठेवावेत. कुंभाराकडून नवे भांडे घ्यावे आणि ते मुलांच्या हाती द्यावे. खुंटीवरच्या मुक्या घुमटाकडून कोणी ठेका शिकत नाही. येत्या चवथीला आपल्या घरच्या आरतीत घुमट कोण वाजविणार, हे प्रत्येक वाचकाने आतापासूनच ठरवावे.