घेणारा आणि वापरणारा : उपकरणांविषयीच्या नित्य अभिप्रायांचा विचार

मराठीत 'टीका' हा शब्द उच्चारला की ग्रंथ, नाटक, चित्र, गायन एवढेच विषय सामान्यतः डोळ्यांपुढे येतात. तथापि एखाद्या वस्तूचे गुणदोष पारखून तिच्याविषयी निर्णय देणे ही जी टीकेची मूळ कृती, ती आज वाङ्मयाच्या बाहेर, मोबाइल फोन, संगणक, त्यांवर चालणाऱ्या प्रणाली आणि तत्सम उपकरणे यांच्या संबंधात अखंड चालू असते. लोकलच्या डब्यात, कचेरीतील मधल्या सुट्टीत, लग्नाच्या पंगतीत या विषयावरील मतांची देवघेव होत नाही असा दिवस क्वचितच उगवत असेल. या अभिप्रायांना स्वतःची परिभाषा आहे, स्वतःचे निकष आहेत आणि स्वतःची मर्यादाही आहे. ती मर्यादा कोणती व ती कोठे उघडी पडते, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

१

प्रथम या अभिप्रायांचे स्वरूप पाहू. 'कॅमेरा छान आहे, पण बॅटरी लवकर उतरते', 'सहा महिने झाले की हँग व्हायला लागतो', 'पैसे वसूल झाले', 'दिसायला झकास, पण टिकायचा नाही' ही वाक्ये सर्वांच्या कानांवरून गेलेली आहेत. ती क्षुल्लक समजण्याचे कारण नाही. त्यांत गुणाबरोबर दोष सांगण्याची शिस्त आहे, तुलना आहे, काळाच्या कसोटीचे भान आहे आणि मुख्य म्हणजे अनुभवाचा आधार आहे. जाहिरातीतील विशेषणांपेक्षा शेजाऱ्याचा शब्द अधिक विश्वसनीय मानण्यात सामान्य मनुष्य चूक करतो असे म्हणता येणार नाही. आपल्या ग्रंथपरीक्षणांपैकी पुष्कळांत दोषदर्शनाचा एवढा मोकळेपणा आढळत नाही, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

परंतु याच विषयावर दुसऱ्या एका जातीची वाक्येही आपण रोज ऐकतो. 'सर्व्हर डाऊन आहे', 'सिस्टीम स्लो आहे', 'आज लिंक नाही', 'ओटीपी येत नाही' ही ती वाक्ये. ती बँकेच्या खिडकीशी, रेशनच्या दुकानात, सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी लागलेल्या रांगेत आणि बंदराच्या गेटवर बोलली जातात. पहिल्या जातीच्या वाक्यांमागे एक 'मी' उभा असतो : मी घेतला, मी वापरून पाहिला, मला परवडला. दुसऱ्या जातीत हा 'मी' नाहीसा होतो. वाक्याला व्याकरणाच्या दृष्टीने कर्ता आहे, परंतु तो सर्व्हर बोलणाऱ्याने पाहिलेला नाही आणि ऐकणाऱ्यानेही नाही. तो कोणाचा, कोणत्या गावी, कोणाच्या निर्णयाने बसविलेला, हे दोघांनाही ठाऊक नसते. शिवाय 'डाऊन आहे' हे केवळ अवस्थेचे वर्णन होय. कोणी काही केले, कोणाकडून काही राहून गेले, असा अर्थ त्यातून निघत नाही. 'आभाळ आले आहे' हे वाक्य ज्या स्वरात बोलले जाते त्याच स्वरात हेही बोलले जाते, आणि ऐकणाराही पावसापुढे परतावे तसा परततो.

या दोन जातींतील भेद वस्तूंच्या लहानमोठेपणाचा नसून बोलणाऱ्याच्या नात्याचा आहे. पहिला अभिप्राय घेणाऱ्याचा आहे. दुसरा, ज्याला निवड करता आलेली नाही अशा वापरणाऱ्याचा. घेणाऱ्यापाशी समृद्ध परिभाषा आहे. वापरणाऱ्यापाशी मात्र एक उसासा तेवढा आहे. उपकरणांविषयीच्या आपल्या लोकटीकेची मर्यादा हीच, असे माझे प्रतिपादन आहे.

२

ही मर्यादा नेहमीच होती असे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगावात लोखंडी नांगर तयार केले, तेव्हा ते सहजासहजी खपले नाहीत. लोखंडामुळे जमिनीत विष भिनते अशी शेतकऱ्यांची समजूत त्याच्या आड आली, ही हकीकत प्रसिद्धच आहे. ती सांगताना आपण बहुधा शेतकऱ्याच्या अज्ञानाला हसतो. त्याचे उत्तर चुकीचे होते यात शंका नाही. परंतु त्याने विचारलेला प्रश्न मात्र मोठा होता. नांगर दिसतो कसा, त्याची किंमत काय, एवढ्यावर तो थांबला नाही. हे अवजार माझ्या जमिनीचे काय करील, असे त्याने विचारले. अवजार ज्या व्यवस्थेत शिरणार त्या संपूर्ण व्यवस्थेचा विचार त्या प्रश्नात होता.

असा प्रश्न त्याला सुचला याचे कारण उघड आहे. नांगर विकत घेणारा तोच, चालविणारा तोच, मोडला तर तो दुरुस्त करून घेणारा तोच आणि पीक बुडाले तर उपाशी राहणाराही तोच होता. किर्लोस्करवाडीची स्थापना १९१० साली झाली आणि १९२० साली शं. वा. किर्लोस्कर यांच्या संपादकत्वाखाली 'किर्लोस्कर खबर' निघू लागले. कारखान्याने आपल्या यंत्रांविषयी वापरणाऱ्याशी मराठीत बोलावे, ही गरज त्या काळी उत्पन्न झाली होती. त्या संवादात विक्रीचा हेतू होताच. पण ज्याला पटवावयाचे तो आणि ज्याला वापरावयाचे तो एकच होता. आज उपकरणाच्या अंगी जी प्रणाली असते तिच्या बाबतीत ही एकता तुटली आहे.

३

ती किती तुटली आहे, हे न्हावा शेवा येथील एका घटनेवरून स्पष्ट होते. न्हावा आणि शेवा ही रायगडच्या किनाऱ्यावरील दोन गावांची नावे. मुंबई बंदरावरील भार हलका करण्यासाठी येथे उभारलेले जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी कार्यान्वित झाले. व्यापारी आणि वाहतूकदार मात्र त्याला आजही न्हावा शेवा म्हणूनच ओळखतात. हे कंटेनरचे बंदर आहे. प्रत्येक कंटेनरवर चार अक्षरे, सहा अंक आणि एक पडताळ्याचा अंक असा क्रमांक रंगविलेला असतो. कोणता कंटेनर यार्डात कोठे, कितव्या थरावर ठेवला आहे, तो कोणत्या ट्रेलरवर चढवावयाचा, कोणत्या जहाजात जावयाचा, याचे ज्ञान संगणकातील नोंदीत असते. सहस्रावधी सारख्याच पोलादी पेट्यांच्या राशींत ती नोंद नसेल तर डोळ्यांना सर्व दिसूनही काही कळत नाही.

२७ जून २०१७ रोजी या बंदरातील गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलची संगणक-व्यवस्था बंद पडली. हे टर्मिनल २००६ पासून चालू असून ते डेन्मार्कच्या मर्स्क समूहातील एपीएम टर्मिनल्स आणि भारताची कंटेनर कॉर्पोरेशन यांच्या भागीदारीतले आहे. बंद पडण्याचे कारण उरणमध्ये किंवा मुंबईत नव्हते. 'नॉटपेट्या' या नावाने पुढे ओळखला गेलेला विध्वंसक प्रोग्राम युक्रेनमधून पसरला होता. त्या देशात करविवरणे भरण्यासाठी 'एम. ई. डॉक' ही हिशेबाची प्रणाली सर्रास वापरली जात असे. तिच्या अपडेटच्या मार्गाने हा प्रोग्राम प्रथम आत शिरविण्यात आला. मर्स्कच्या ओडेसा येथील कचेरीत ही प्रणाली एका संगणकावर घातलेली होती आणि तेवढी फट पुरेशी ठरली, असे अँडी ग्रीनबर्ग यांनी २०१८ साली 'वायर्ड' मासिकातील आपल्या विस्तृत वृत्तांतात दाखविले आहे. अमेरिका आणि ब्रिटन यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये या हल्ल्याचा दोष रशियाच्या लष्करावर ठेवला.

न्हावा शेव्यात त्याचे परिणाम तत्काळ दिसले. टर्मिनलचे काम ठप्प झाले, जे शक्य ते हाताने करण्याची पाळी आली आणि कंटेनरांचा खोळंबा झाला. त्याच बंदरातील इतर टर्मिनले मात्र चालू होती. समुद्र, धक्का, क्रेन, माणसे सर्व जागच्या जागी असताना केवळ एका जाळ्याशी जोडले गेल्यामुळे एक टर्मिनल थांबले. मर्स्कला पुढे दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले, असे त्या कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे सांगितले. कंपनीचे नुकसान २० ते ३० कोटी डॉलरांच्या घरात गेले.

आता या घटनेत अभिप्राय कोणाचा, हे पाहावे. ओडेसातील एका संगणकावर कोणती हिशेबाची प्रणाली घालावी, याविषयी उरणच्या रस्त्यावर रांगेत थांबलेल्या ट्रेलरचालकाचे मत असणे शक्य नव्हते. त्याच्या खिशातील फोनाविषयी तो नेमके आणि मार्मिक मत देऊ शकला असता. बॅटरी किती तास पुरते, घाटात रेंज कोठे जाते, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? परंतु ज्या प्रणालीने त्याची रात्र रस्त्यावर घालविली तिच्यासंबंधी त्याच्या वाट्याला 'सर्व्हर डाऊन आहे' एवढेच वाक्य आले असणार. गेटवरच्या कारकुनाची स्थितीही फारशी निराळी नव्हती.

४

या घटनेत नित्य निकषांचीही एक परीक्षा झाली आहे. वेग, सदैव जोडलेले असणे, सर्वत्र एकच प्रणाली असणे, अपडेट आपोआप येणे, हे सर्व आपण गुण मानतो. नॉटपेट्या ज्या वेगाने पसरला त्याला हेच गुण उपयोगी पडले. उलटपक्षी, मर्स्कच्या जाळ्याची संपूर्ण रचना ज्यात नोंदलेली होती असा एकच महत्त्वाचा संगणक घाना देशातील कचेरीत शाबूत राहिला, आणि तो राहिला तो हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली असल्यामुळे. भारनियमनाचा अनुभव असलेल्या महाराष्ट्रीय वाचकाला या विपर्यासाची गंमत वेगळी समजावून सांगावयास नको. यावरून अपडेट टाळावे असा निष्कर्ष कोणी काढू नये. नॉटपेट्याने पसरण्यासाठी वापरलेल्या मार्गांपैकी एक मार्ग बंद करणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच उपलब्ध केली होती. निष्कर्ष एवढाच की, उपकरणाचा गुण किंवा दोष त्याच्या एकट्याच्या ठायी नसतो. तो त्याच्या संबंधांत असतो. आणि हे संबंध पाहणारा निकष आपल्या लोकटीकेपाशी नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. या गोष्टी तज्ज्ञांच्या आहेत. सामान्य मनुष्याच्या मताने असा हल्ला थोडाच टळणार होता? टळला नसता, हे खरे. परंतु टीकेचे काम संकट टाळण्याचे नसून निर्णय कोणी केला आणि तो कसा पारखावा हे बोलता येण्याजोगे करण्याचे आहे. नांगराच्या बाबतीत शेतकरीही तज्ज्ञ नव्हता. शिवाय प्रणाली कोठे अडते, कोणती नोंद दोनदा करावी लागते, ती बंद पडली असता कागदावर काम चालविण्याची सोय आहे की नाही, याचे ज्ञान ती विकत घेणाऱ्या समितीपेक्षा ती रोज वापरणाऱ्या कारकुनाला अधिक असते. हे ज्ञान 'तक्रार' म्हणून फाईलमध्ये जाते, 'अभिप्राय' म्हणून विचारले जात नाही. या दोन शब्दांतील अंतर म्हणजेच घेणारा आणि वापरणारा यांच्यातील अंतर होय.

आपल्या अभ्यासक्षेत्रातही याचे उदाहरण आहे. युनिकोड सार्वत्रिक होण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या फाँटांत टंकलिखित होत असे आणि प्रत्येक फाँटकुलाची अंतर्गत सांकेतिक व्यवस्था वेगळी असे. टंकन करणाऱ्याच्या दृष्टीने फाँट 'छान उमटतो', कळफलक 'हाताला बसला आहे', हे अभिप्राय रास्तच होते. परंतु तीच फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा अर्थहीन गोंधळ दिसे, आणि आजही दिसतो. संगणकातील भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली भारतीय मानक ठरले होते आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी निघाली होती; तरीही निवड होत राहिली ती आज कागदावर कसे उमटते या एकाच निकषावर. त्या निवडीचा भार नंतरच्या संशोधकावर पडला. त्याला जुना प्रबंध शोधता येत नाही, त्यातील उतारा उचलता येत नाही. आधी रूपांतर, मग शुद्धिकरण आणि मग अभ्यास, असा त्याचा क्रम होतो. येथेही घेणारा एक आणि वापरणारा दुसरा. फरक इतकाच की त्यांच्यामध्ये देशांचे अंतर नसून काळाचे आहे.

५

तात्पर्य, नित्याच्या अभिप्रायांना उथळ ठरवून बाजूला सारणे जसे अयोग्य, तसेच त्यांना पुरेसे मानणेही अयोग्य. बॅटरी आणि कॅमेरा यांची पारख करणारी जी सावध, तुलनाशील बुद्धी समाजात आहे, तिच्या कक्षेत आणखी काही प्रश्न आले पाहिजेत. ही प्रणाली कोणी निवडली? ती बंद पडली तर काम कसे चालेल? तिच्यातून आपला मजकूर, आपल्या नोंदी बाहेर काढून दुसरीकडे नेता येतील काय? ती आपल्या भाषेत बोलते काय? आणि तिच्याविषयी जो रोज उसासा टाकतो त्याचे मत कोणी विचारले आहे काय? हे प्रश्न तांत्रिक नाहीत. बंदरातील कारकून, रेशन दुकानदार आणि विद्यापीठातील संशोधक या तिघांनाही ते मराठीत विचारता येण्याजोगे आहेत.

मराठीच्या अभ्यासकांवर यातील एक विशिष्ट जबाबदारी येते. कचेऱ्यांतून आणि रांगांतून बोलली जाणारी ही वाक्ये संकलित करून त्यांचे व्याकरण तपासणे, त्यांत कर्ता कोठे दिसतो आणि कोठे लपतो हे दाखविणे, हे काम भाषेच्या अभ्यासकाचेच आहे. संगणकशास्त्राचा विभाग ते करणार नाही. 'सर्व्हर डाऊन आहे' या वाक्यानंतर 'कोणाचा?' असे विचारणे स्वाभाविक वाटू लागेल, तेव्हा वापरणाऱ्याच्या टीकेला आरंभ झाला असे म्हणता येईल.