गावाच्या नावामागचा माणूस

मार्क रॉबसन यांचा 'पेटन प्लेस' (१९५७) हा अमेरिकन छोट्या गावांच्या मेलोड्रामातला एक ठळक चित्रपट. पांढरीशुभ्र घरे, चर्चचा कळस, पानगळीचे रंग आणि या देखाव्याआड बलात्कार, अनौरस संतती, कुजबुज. गाव जे झाकते ते उघडे करायचे, हे या चित्रप्रकाराचे ब्रीद. शेवटी डॉक्टर स्वेन भरल्या कोर्टात सेलेनावरच्या अत्याचाराचे सत्य सांगतात आणि साऱ्या गावाला सुनावतात, तेव्हा ते ब्रीद पुरे झाल्यासारखे वाटते. पण ग्रेस मेटॅलियस यांची १९५६ची मूळ कादंबरी शेजारी ठेवली, की लक्षात येते : गावाचे सर्वांत जुने गुपित चित्रपटानेही झाकूनच ठेवले आहे.

कादंबरीत गावाचे नाव सॅम्युअल पेटन या कृष्णवर्णीय माणसाचे आहे. गुलामीतून निसटून तो परदेशी गेला, श्रीमंत झाला, गोऱ्या बायकोला घेऊन परतला. बॉस्टनमध्ये थारा मिळेना, म्हणून त्याने इथल्या टेकडीवर किल्ल्यासारखा वाडा बांधला. गावाला हे नाव कसे पडले, असे परक्याने विचारले की गावकरी अंग चोरतात. चित्रपटात ना तो वाडा आहे, ना पेटन. उरले आहे ते फक्त नाव.

सेलेनाचेही तसेच. कादंबरीत ती सावळी, जिप्सी वळणाची, गावकुसाबाहेरच्या झोपडीत राहणारी मुलगी आहे. चित्रपटात झोपडी राहिली, पण सेलेना झाली सोनेरी केसांची होप लँग. तिचा अभिनय उत्तमच आहे. मात्र वर्ण आणि दारिद्र्य यांची कादंबरीने घातलेली गाठ इथे सुटते आणि दारिद्र्य तेवढे शिल्लक राहते. कादंबरीतल्या गर्भपाताचा चित्रपटात अपघाताने झालेला गर्भपात होतो, हे चटकन ध्यानात येते. पेटनचे नसणे तसे येत नाही. एखाद्याची उणीव भासायला तो आधी ठाऊक असावा लागतो.

चित्रपटात कृष्णवर्णीय पात्रे किती, हे मोजून हा प्रश्न सुटणारा नाही. न्यू इंग्लंडच्या अशा गावांत वस्ती गोऱ्यांचीच असे, हा बचाव कोणीही करील. पण पेटन गेला की गावाच्या दांभिकतेचे निदानच बदलते. कादंबरीत गावाची लाज शरीरसंबंधांपुरती नाही. ज्याच्या नावाने गाव ओळखले जाते त्यालाच नाकारण्यापर्यंत ती पोचते. चित्रपटात दोष उरतो तो चहाड्यांचा आणि एका दारुड्या सावत्र बापाचा. असा दोष एका भाषणाने धुऊन निघतो. पेटनला नाकारल्याचा दोष तसा निघाला नसता.

कादंबरीलाही मर्यादा आहेत. तिच्यात पेटन केव्हाच मेलेला आहे. तो भेटतो तो इतरांनी सांगितलेल्या गोष्टीत. गावात जिवंत कृष्णवर्णीय माणूस तिलाही दाखवता आलेला नाही. तरी मँचेस्टरच्या गिरणगावात, फ्रेंच-कॅनेडियन घरात जन्मलेल्या मेटॅलियसला एक गोष्ट पक्की दिसली होती : गावाचे मोठेपण कोणाला बाहेर ठेवण्यावर उभे असते.

पुढे 'पेटन प्लेस' दूरचित्रवाणीवर मालिका म्हणून १९६४ ते १९६९ चालली. तिच्यात १९६८ साली एक कृष्णवर्णीय कुटुंब आले : मेंदूचे शल्यविशारद डॉक्टर हॅरी माइल्स, त्यांची पत्नी आणि मुलगा. त्या काळच्या पडद्यावर हे पाऊल लहान नव्हते. पण पाहुण्यांचे स्वागत करावे तसे गावाने त्यांना आत घेतले. कादंबरीत ज्याच्या वर्णाचा माणूस गावाच्या नावाचा धनी होता, तो इथे नुकताच राहायला आलेला शेजारी ठरला. प्रतिनिधित्व मिळाले, वारसा मात्र परत मिळाला नाही. जुने मेलोड्रामा पाहताना कोण दिसते याबरोबरच, गाव मुळात कोणाचे म्हणून दाखवले आहे, हेही विचारले पाहिजे.