कपाटावर कपाट, त्यावर कंगोरा

आपल्याकडे समीक्षा होते ती पुस्तकांची, नाटकांची आणि शेजाऱ्यांची. स्वयंपाकघराची कपाटे आखून देणाऱ्या संगणकाच्या प्रोग्रॅमची समीक्षा कोणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. वास्तविक नाटक पडले तर फक्त तिकिटाचे पैसे जातात. स्वयंपाकघर (नाटक पडते त्या अर्थाने) पडले, तर पंधरा वर्षे रोज दोन प्रयोग बघावे लागतात! म्हणून हे धाडस.

मॉड्युलर किचनच्या दुकानात एक चुणचुणीत मुलगी पडद्यावर आमचे स्वयंपाकघर उभे करत होती. ओटा ८६० मिलिमीटर, वर ६०० मोकळी जागा, मग ७२०चे कपाट, त्याच्या डोक्यावर ६००चा लॉफ्ट. बेरीज २७८०. छत २८५०वर. उरले ७०. या सत्तर मिलिमीटरांत धूळ, कोळिष्टके आणि पाली सुखाने नांदतात, म्हणून तिथे नक्षीची पट्टी मारायची. तिला मोल्डिंग म्हणतात. आजोबांच्या काळी याला कंगोरा म्हणत आणि तो स्वस्त असे.

“काका, आता मोल्डिंग देते हं,” म्हणत तिने बटण दाबले. लॉफ्टच्या माथ्यावर झकास पट्टी आली. पण खालच्या कपाटाच्या माथ्यावरही आली! फेटा बांधलेल्या माणसाच्या डोक्यावर दुसरा फेटेवाला उभा राहावा, तसे ते दृश्य दिसू लागले. त्यातून ही पट्टी जात्याच वर चढणारी. ती लॉफ्टच्या दारांच्या खालच्या कडेवर आडवी बसली.

“अगं, मग लॉफ्ट उघडायचा कसा?” सौ.ने विचारले.

“काकू, त्याला प्रत्येक कपाट एकटंच आहे असं वाटतं. कपाट म्हटलं की माथा, माथा म्हटला की मोल्डिंग.”

मग तिने खालची कपाटे एकेक करून उघडली आणि प्रत्येकाची वरची पट्टी बंद केली. या प्रोग्रॅमला कपाट कळते, कपाटांचे कुटुंब कळत नाही. याबाबतीत स्केचअप शहाणा. त्याला गूगलने २००६ साली घेतले आणि २०१२ साली ट्रिम्बलला विकले, पण घरे बदलूनही तो बिघडला नाही. त्याच्यात ‘फॉलो मी’ नावाचे हत्यार आहे. पट्टीचा छेद काढायचा, सगळ्या रांगेची वाट दाखवायची, की तो छेद वारकऱ्यासारखा निमूट त्या वाटेने जातो. पट्टी एका कपाटाची राहत नाही, रांगेची होते.

थरावर थर रचणे आपल्याला नवे नाही. अंबरनाथचे शिवमंदिर १०६० सालचे. आपल्या देवळांच्या भिंतीच्या पायथ्याला खुर, कुंभ, कलश, कपोत असे थर एकावर एक येतात. कोणाच्या वर कोण, हे ठरलेले. खालच्याने वरच्याचे दार अडवल्याचे उदाहरण नाही.

पण माझा खरा आक्षेप पुढेच आहे. पडद्यावरचे छत तळ्यातल्या पाण्यासारखे सपाट असते आणि कोपरा बरोबर ९० अंशांचा. आमच्या छताखाली मिस्त्रींनी पाण्याची नळी धरली, तर एका टोकाला ७० मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला ५८! कोपरा भरला ८८ अंश. छापील कागदावर मात्र पट्टीची टोके ४५ अंशांत कापा, असा हुकूम.

“साहेब, पट्टी छताच्या मागे गेली तर दारांशी वाकडी दिसेल, दारांच्या मागे गेली तर वर फट पडेल,” मिस्त्री म्हणाले. त्यांनी पट्टी दारांशी सरळ ठेवली, वरची कड रंध्याने छताच्या उताराप्रमाणे तासली आणि टोके ४४ अंशांत कापली. आता पाहुणे म्हणतात, “काय सरळ काम आहे!”

पट्टी असते ती यासाठी. सरळ कपाट आणि वाकडे घर यांच्यातला तो सभ्य तडजोडीचा करार आहे. घर वाकडे नसते, तर कंगोऱ्याची गरज काय होती? या प्रोग्रॅमला पट्टीचा छेद तोंडपाठ आहे, पट्टीचे कारण ठाऊक नाही. त्याने बटण दाबताक्षणी एवढेच विचारावे : “भिंत मोजली का?” तोवर माझा अभिप्राय असा, की अलंकार भरपूर, आशय मिस्त्रींचा.