खेळाडूची लकब आणि बटणाचा क्षण : ‘एनबीए २के’मधील फेकविषयक सूचनांची चिकित्सा

प्रस्तावना

‘एनबीए २के’ ही बास्केटबॉलवरील व्हिडिओ गेमची मालिका १९९९ मध्ये सुरू झाली. अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक स्पर्धेतील खऱ्या खेळाडूंच्या प्रतिमा तीत वापरल्या जातात. या मालिकेभोवती मार्गदर्शनपर लेखनाचा एक प्रकार निर्माण झाला असून, कोणत्या खेळाडूच्या फेकीसाठी बटण केव्हा सोडावे, हे त्यात खेळाडूनिहाय सांगितलेले असते. शारीरिक कौशल्य शब्दांत कसे पकडावे, हा जुनाच प्रश्न या लेखनातून नव्याने उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात त्याच अंगाने या सूचनांची चिकित्सा केली आहे.

सूचनांचे स्वरूप व सामर्थ्य

गेममध्ये बटण दाबताच खेळाडू उडी घेतो व योग्य क्षणी बटण सोडल्यास चेंडू बास्केटमध्ये पडण्याची शक्यता वाढते. खेळाडूचा गुणांक, बास्केटपासूनचे अंतर आणि बचावपटूची जवळीक यांचाही परिणाम होतो. मात्र हा योग्य क्षण सर्वांसाठी एक नसतो. तो प्रत्येकाच्या लकबीप्रमाणे बदलतो.

स्टीफन करी उडीच्या शिखरापर्यंत न थांबता वर जातानाच चेंडू सोडतो. २०१५-१६ च्या हंगामात ४०२ थ्री-पॉइंटर नोंदवणाऱ्या या खेळाडूच्या बाबतीत ‘बटण लवकर सोडा’ ही सूचना सार्थ ठरते. सात फूट उंचीचा डर्क नोविट्झ्की एक गुडघा उचलून, मागे झुकून चेंडू टाकत असे. शॉन मॅरियनचा चेंडू तर छातीसमोरूनच सुटे. तो कपाळावर येण्याची वाट पाहणाऱ्याचा क्षण हुकणारच. प्रशिक्षणाच्या पुस्तकांत सहसा एकच आदर्श पवित्रा शिकवला जातो. या सूचना मात्र वाचकाला प्रत्येक शरीराची वेगळी लय न्याहाळायला लावतात. हे त्यांचे खरे सामर्थ्य होय.

मर्यादा

तथापि बहुतेक सूचना ‘केव्हा’ एवढेच सांगतात. ‘का’ हा प्रश्न त्यांना पडत नाही. करीची उंची सहा फूट दोन इंच आहे. उंच बचावपटूचा हात पोहोचण्यापूर्वी चेंडू सुटावा, ही त्याची गरज आहे. नोविट्झ्कीचे मागे झुकणे हीदेखील बचावपटूपासून अंतर मिळवण्याची युक्ती होती. हे कारण वगळले की लकब केवळ ‘जलद’ वा ‘संथ’ या शेऱ्यात आटते.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. शकील ओ’नीलचे कारकिर्दीतील फ्री थ्रोचे यश ५२.७ टक्के होते. गेममध्ये त्याच्यासाठी अचूक क्षणाची फट अरुंद असली, तरी निष्णात अंगठा ती साधू शकतो. उलट अंगठा चुकला की करीचाही नेम चुकतो. म्हणजे पडद्यावरची फेक ही दोन व्यक्तींची संयुक्त कृती असते. पण सूचना मात्र एकाच्याच नावाने लिहिली जाते. वाचणाऱ्याची सवय व त्याच्या हाताचा वेग यांना तीत स्थान नसते. त्यामुळे एकाला अचूक वाटलेली सूचना दुसऱ्याला निरुपयोगी ठरू शकते.

निष्कर्ष

या लेखनाचे मोल किती फेकी साधल्या यावर ठरवणे अपुरे आहे. सूचनेने पाहण्याची खूण द्यावी, त्या खुणेचे कारण सांगावे आणि उरलेले सरावावर सोपवावे. क्षण दाखवणारा मापक २०१४ मध्ये आलेल्या ‘एनबीए २के१५’पासून पडद्यावर आहे. मापकावरच नजर खिळली, तर खेळाडूकडे पाहण्याचे कारण उरत नाही. चांगली सूचना ती नजर पुन्हा खेळाडूच्या मनगटाकडे वळवते; त्या मर्यादेत ती कौशल्याचे शिक्षण ठरते.